अरेसिबोच्या शुक्राच्या रडारप्रतिमा: माल अस्सल, पण निवडून-पाखडून घ्यावा लागतो

नासाच्या प्लॅनेटरी डेटा सिस्टिमवर, म्हणजे ग्रहांच्या निरीक्षणांच्या संग्रहात, पोर्तो रिकोतल्या अरेसिबो रेडिओ दुर्बिणीने रडारने टिपलेला शुक्र कुणालाही फुकट उतरवून घेता येतो. १९८८, २०१२, २०१५, २०१७ आणि २०२० अशा वर्षांची निरीक्षणं आहेत. ३०५ मीटरची ती दुर्बीण डिसेंबर २०२० मध्ये कोसळली, म्हणजे आता यात भर नाही. ढगांखालचा एक-दोन किलोमीटरचा तपशील, तोही पृथ्वीवर बसून! फक्त भिंतीवर लावायला फोटो हवा असेल तर या वाटेला जाऊ नका.

मी मुद्दाम मूळ डिले-डॉप्लर प्रतिमा घेतल्या, म्हणजे नकाशावर न बसवलेल्या, प्रतिध्वनीचा उशीर आणि वारंवारतेची सरक यांवर मांडलेल्या. पहिली डोकेदुखी भुतांची. प्रतिध्वनी किती उशिरा आला आणि वारंवारता किती सरकली, एवढंच रडारला कळतं. डॉप्लर विषुववृत्ताच्या (आपल्याला दिसणाऱ्या बिंबाच्या मधून, फिरण्याच्या दिशेने जाणाऱ्या रेषेच्या) उत्तरेला आणि दक्षिणेला सारख्या अंतरावरच्या दोन जागांची दोन्ही मापं एकच येतात, म्हणून उत्तरेचा डोंगर दक्षिणेच्या मैदानावर चढून बसतो. चंद्र मोठा दिसतो, तिथे झोत एका बाजूला रोखला की भागतं. शुक्र झोतापेक्षा लहान. झोत सरकवून भूत फिकं होतं, जात नाही. मग वेगवेगळ्या वर्षांच्या प्रतिमा एकावर एक ठेवायच्या. आपला बघण्याचा कोन बदललेला असतो, त्यामुळे भूत जागा सोडतं, डोंगर सोडत नाही.

पण एकावर एक ठेवताना परिवलनकाळ कुठला धरता ते बघा. शुक्राभोवती फिरलेल्या नासाच्या मॅगेलन यानाच्या वेळचा २४३.०१८५ दिवस धरला आणि खरा २४३.०२१२ असला, तर १९८८ आणि २०२० च्या प्रतिमा विषुववृत्तावर सुमारे २० किलोमीटरनी चुकतात. दशांशाच्या तिसऱ्या घरातली गंमत!

प्रतिमांवरच्या दाणेदार ठिपक्यांचं मला नवल वाटलं नाही. दिवसभर सोनोग्राफी करते, तिथेही हाच स्पेकल. अनेक प्रतिमांची सरासरी काढणं हाच सरळ इलाज. एका ऑनलाइन दुकानातून मागवलेल्या शुक्राच्या पोस्टरवर फिल्टर मारून सगळं गुळगुळीत केलं होतं, बारीक भेगांसकट.

उणीव एकच, आणि ती शुक्राची: जवळ येतो तेव्हा दर वेळी जवळपास तीच बाजू दाखवतो.

पाचपैकी साडेचार. सुरुवात अल्फा रेजिओ या शुक्रावरच्या उंच प्रदेशापासून करा. त्याच्या कडा ठसठशीत आहेत, जुळणी चुकली की लगेच दुहेरी दिसतात.