सनद म्हणून नेली, सुपारीचा हिशेब निघाला: विद्यापीठाच्या ग्रंथालयातले दहा महिने

गेल्या जूनपासून मी गोव्यातल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात बाहेरची वाचक म्हणून जाते. नाव लिहीत नाही, कारण पुढे थोडी कुरकूर आहे आणि तिथली माणसं मला येताजाता चहा विचारतात. माझं शिक्षण अकरावीपर्यंत, वय छप्पन्न, घर फोंडा तालुक्यात सावईवेऱ्याच्या बाजूला. सुपारी-नारळाची बाग म्हणजे कुळागर आहे, त्यामुळे वेळ आहे असं लोकांना वाटतं. तो नसतो.

ग्रंथालय विद्यार्थ्यांचं, तिथे आपलं काय काम, हेच माझ्या डोक्यात होतं. मुलीने मोबाइलवर एक जाहिरात दाखवली: मोडी लिपी, आठ शनिवार, वयाची अट नाही, फी नाही. आमच्या ट्रंकेत एक मोडी कागद आहे. घरात पिढ्यानपिढ्या सांगत आलेत की ती सोंधेकर राजाने (पोर्तुगीजांआधी फोंड्यावर त्याचं राज्य होतं) आमच्या पूर्वजाला दिलेली सनद. भाऊजी तर पाहुण्यांसमोर तो कागद असा काढतात की जणू पुढच्या आठवड्यात राज्य परत मिळणार. वाचता कोणालाच येत नव्हता.

नाव नोंदवताना पहिली ठेच लागली. फॉर्ममध्ये ‘संस्थेचा ईमेल’ भरल्याशिवाय पुढे जाता येईना. सर्वांसाठी खुला कार्यक्रम आणि फॉर्म मात्र कॉलेजवाल्यांचा! शेवटी फोन केला. तिकडून एक मुलगा म्हणाला, “काकी, तुम्ही सरळ या, मी वहीत नाव लिहितो.” तेव्हापासून माझं सगळं त्या वहीतच चाललंय. फॉर्म अजून तसाच आहे. जाहिराती फक्त इंस्टाग्रामवर आणि इंग्रजीत येतात, हेही तसंच. मराठी-कोकणीतला एक कागद पंचायतीच्या फळ्यावर लावला असता तर माझ्यासारख्या दहाजणी तरी आल्या असत्या.

मोडीचा वर्ग मात्र फर्स्टक्लास. आम्ही सतरा जण होतो: एक निवृत्त पोस्टमास्तर, दोन वकील, एक भटजी, बाकी कॉलेजची मुलं. शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्या दिवशी अक्षरं शिकवलीच नाहीत. आधी फक्त रेघ ओढायला लावली, कागदाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. मोडीत ओळ आधी आखायची आणि मग तिच्याखाली अक्षरं लोंबकळवत जायचं, हात शक्यतो न उचलता. शब्दाशब्दांत जागा नाही, स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही म्हटल्यावर पोस्टमास्तर म्हणाले, “शाळेत मास्तरांनी उगाच मारलं मला.” र हे अक्षर तर शेजारी कोण बसलाय ते बघून रूप बदलतं. तिसऱ्या शनिवारी मला वाटलं, हे आपल्याच्याने होणार नाही. गणेशचतुर्थीत दोन शनिवार बुडाले. नेवऱ्या तळताना मी पिठाच्या परातीत बोटाने मोडी क काढत होते आणि सासूबाई माझ्याकडे बघत होत्या.

सहाव्या वर्गाला बाई म्हणाल्या, घरचे कागद आणा. ह्या एका वाक्यासाठी मी ह्या ग्रंथालयाला पैकीच्या पैकी गुण देते. त्या दिवशी वर्गाचं बाजारपेठेसारखं झालं. भटजींकडे देवळाची वही, एका वकिलाकडे कसलासा करार, आणि मी आमची सनद काढली.

आमची सनद प्लॅस्टिकमध्ये होती. बारा वर्षांपूर्वी आमच्या ह्यांनी बाजारातल्या झेरॉक्सच्या दुकानात नेऊन ती लॅमिनेट करून आणली होती, कायमची टिकावी म्हणून. ट्यूबलाइटखाली धरली की नुसती चमकायची. बाईंनी ती खिडकीशी नेली, तिरकी धरली, आणि मला म्हणाल्या, “तुम्हीच वाचा.”

पहिली ओळ लागायला पाऊण तास गेला. ‘शके १७९’ आणि पुढचा आकडा पुसट. सहा की नऊ, कळेना. पण त्याच्या पुढे ‘भाव नाम संवत्सरे’ असं होतं. बाईंनी फळ्यावर गणित मांडलं: शकात बारा मिळवा, साठाने भागा, बाकी उरेल तो संवत्सराचा क्रमांक. १७९६ अधिक १२ म्हणजे १८०८, साठाने भागून बाकी आठ. प्रभव, विभव, शुक्ल, प्रमोद, प्रजापती, अंगिरा, श्रीमुख, भाव. आठवा! १७९९ असता तर बाकी अकरा आली असती, म्हणजे ईश्वर. नावं साठ वर्षांनी फिरून येतात, त्यामुळे शके १७९० ते १७९९ मध्ये भाव एकदाच बसतो. शकात ७८ मिळवले की इसवी सन, म्हणजे १८७४.

वर्गात टाळ्या झाल्या आणि माझं तोंड उतरलं. फोंडा सोंधेकरांकडून पोर्तुगीजांकडे गेलं १७६३ साली. म्हणजे राजा गेल्यावर एकशेअकरा वर्षांनी राजाने आम्हाला सनद दिली होती!

पुढे वाचत गेलो तशी सगळी मौज बाहेर आली. कोणी किती सुपारी घातली त्याची यादी. ‘५॥’ असं दिसल्यावर मी ‘पाच आणि दोन दांड्या’ म्हणाले. बाई हसल्या: एक दांडी पाव, दोन दांड्या अर्धा, तीन पाऊण. साडेपाच मण. मग देवळातल्या नंदादीपाचं तेल, आणि तळाशी पाडेल्याला (झाडावर चढून नारळ-सुपारी उतरवणाऱ्याला) आगाऊ दिलेला एक रुपया. तो त्याने परत केला की नाही ते लिहिलेलं नाही. आमचा पाडेली आजही आगाऊ नेतो, आणि मीही लिहून ठेवत नाही.

भाऊजी तीन आठवडे माझ्याशी नीट बोलले नाहीत.

ऑगस्टात आयुष्यभर शिकत राहण्याबद्दलचं एक भाषण ऐकलं. बारा तारखेला भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन ह्यांच्या जयंतीनिमित्त ग्रंथपाल दिन असतो, त्या दिवशीचं. समई, स्वागतगीत, पुष्पगुच्छ, प्रास्ताविक आणि ‘ज्यांना परिचयाची गरज नाही’ अशांचा वीस मिनिटं परिचय. वक्ता बोलायला उभा राहिला तेव्हा माझ्या बसची वेळ झाली होती. असे चार कार्यक्रम मी पाहिले, चारही असेच. प्रमाणपत्र मात्र प्रत्येक वेळी मिळतं, माझ्याकडे आता सहा आहेत. आयुष्यभर शिकत राहण्याबद्दल भाषण ऐकायला माझ्या वयाचं कोण येणार? जे येतात ते शिकायलाच आलेले असतात.

ऑक्टोबरात पोर्तुगीज कागदांची ओळख करून देणारे दोन दिवस होते. इथे गर्दी उसळली, कारण लोकांना वाटलं भाटाचे, म्हणजे बागायती जमिनीचे, खटले सुटतील. एक आजोबा फॉर्म एक-चौदाची (आमच्याकडचा जमिनीचा उतारा) अख्खी फाइल घेऊन आले होते. शिकवणाऱ्या सरांनी सुरुवातीलाच स्पष्ट सांगितलं की जमिनीची मूळ दप्तरं ग्रंथालयात नसतात. त्यासाठी पणजीला पुराभिलेख खात्यात जावं लागतं. तो दप्तरखाना १५९५ पासून आहे, आणि पिसुर्ल्याच्या पांडुरंग पिसुर्लेकरांनी तिथे कित्येक वर्षं काढून कागद लावले, लोकांसमोर आणले. मी पिसुर्ल्यावरून शंभरदा गेले असेन. तिथल्या माणसाने हे काम केलं हे मला छप्पन्नाव्या वर्षी कळलं. दोन दिवसांत पोर्तुगीज येत नाही, पण कागद पाहून हा ‘आफोरामेंत’चा (कायम भाडेपट्ट्याचा) की ‘इन्व्हेंतार’चा (वारसांत वाटायच्या मालमत्तेच्या यादीचा) एवढं ओळखता येतं. वकिलाकडे जाताना तेवढंही पुष्कळ. आजोबांचं समाधान झालं नाही, पण कुठे जायचं ते कळलं.

त्याच सुमारास जुन्या छपाईचं छोटं प्रदर्शन होतं. भारतातला पहिला छापखाना १५५६ साली जुन्या गोव्यात सुरू झाला, हे शाळेत पाठ केलेलं. पण १६१६ साली राशोलला छापलेलं इंग्रज पाद्री थॉमस स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण मराठीत असून अक्षरं रोमन, हे नंतरच्या एका प्रतीच्या पानाच्या छायाचित्रात पाहिलं आणि जागीच थबकले. देवनागरीचे खिळे नव्हते तेव्हा इथे. मी हळू आवाजात ओव्या वाचून पाहिल्या. मागे उभी असलेली कॉलेजची मुलगी म्हणाली, “काकी, तुम्ही वाचलंत तेव्हा कळलं.” प्रदर्शनात खालच्या पट्ट्या फक्त इंग्रजीत होत्या. मराठी पुस्तकाखाली इंग्रजी पट्टी! हे मी अभिप्रायाच्या वहीत लिहून आले.

आता सगळ्यात उपयोगाचा कार्यक्रम. डिसेंबरात ‘घरातले जुने कागद कसे सांभाळावेत’ ह्यावर एक अख्खा दिवस. समई नव्हती, पाहुणे नव्हते. एक लांब टेबल, मऊ ब्रश, आणि बोलायला कमी, करायला जास्त असे एक गृहस्थ. मी दर मे महिन्यात पुरुमेंताच्या (पावसाळ्यासाठीच्या साठवणीच्या) धांदलीत पापडांबरोबर ट्रंकेतले कागदही उन्हात घालायची. ऐकून त्यांनी डोळेच मिटले. ऊन कागदाला पिवळा आणि ठिसूळ करतं. सावलीत, वाऱ्यावर ठेवा. सेलोटेप कधीच लावू नका, तिचा डिंक कागदात मुरतो आणि तपकिरी डाग पडतो. आपल्याकडे पावसात हवेतला ओलावा ८०-९० टक्क्यांवर जातो, बुरशीला आणखी काय हवं? म्हणून कागद भिंतीला टेकवून ठेवायचे नाहीत, ट्रंक जमिनीवर ठेवायची नाही, आणि पाऊस संपल्यावर एकदा सगळं उघडून बघायचं. डांबरगोळ्या कागदाला चिकटवून ठेवायच्या नाहीत. धुतलेल्या सुती कापडात गुंडाळायचं.

मी ट्रंकेतून दोन कागद नेले होते, साधारण एकाच काळातले: आमची सुपारीची यादी आणि एक पोर्तुगीज कागद. मोडी शाई काळीभोर, कालच लिहिल्यासारखी. पोर्तुगीज कागदावर मात्र अक्षरांच्या जागी बारीक भोकं, उजेडाकडे धरला की अक्षरं चाळणीसारखी दिसत. कारण त्यांनी सांगितलं. आपली शाई काजळाची, ती कागदावर नुसती बसून राहते. ती दुसरी हिराकस आणि मायफळाची, तिच्यातला आंबटपणा आणि लोखंड मिळून कागद खातात. ओलावा असला की आणखी वेगाने. मी घरी ते दोन्ही कागद एकाच प्लॅस्टिक पिशवीत, तोंड बांधून ठेवले होते.

आणि लॅमिनेशनचं विचारलं. ते म्हणाले, “काढायला जाऊ नका. उष्णतेने चिकटवलेलं असतं, प्लॅस्टिक ओढलं तर कागद त्याच्याबरोबर येईल. शाई दिसतेय तोवर खिडकीपाशी आडवा ठेवून फोटो काढा, बाजूला मोजपट्टी ठेवा.” आमचे हे सोबत आले होते. ते उठून पाणी प्यायला गेले ते जेवणाच्या सुट्टीलाच परतले.

जानेवारीत ग्रंथालय गावात आलं. आमच्या देवळाच्या सभामंडपात पुस्तकांच्या चार पेट्या, मोबाइलवर शोधायचं कसं ते दाखवणारी दोन मुलं. नॅशनल डिजिटल लायब्ररीत मोफत नाव नोंदवून दिलं, शोधगंगेवर गोव्यावरचे प्रबंध कसे काढायचे ते दाखवलं. एका शेजारणीने तिथल्या तिथे सुपारीच्या कोळेरोगावरचा प्रबंध शोधला आणि इंग्रजीत आहे म्हणून मुलांना वाचून दाखवायला बसवलं. छान चाललं होतं. पण पेट्या संध्याकाळी परत गेल्या आणि तेव्हापासून कोणी आलं नाही. पुस्तकं दोन महिने गावात राहिली असती तर? विचारलं तर म्हणाले, बाहेर पुस्तक द्यायचा नियम नाही.

तो नियमच माझी मोठी तक्रार. बाहेरच्या वाचकाला तिथे बसून वाचता येतं, घरी नेता येत नाही. मला जाऊन-येऊन चार बस लागतात, संध्याकाळची एक चुकली की फोंड्यात तासभर उभी. महागड्या इंग्रजी जर्नलांचं तर मी विचारलंच नसतं, पण कोळेरोगाच्या नादाने विचारलं. केंद्र सरकारची ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजना २०२५ पासून चालू झाली, ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार जर्नलं आहेत तिच्यात, पण ती सरकारी संस्थांमधले विद्यार्थी, प्राध्यापक आणि संशोधक ह्यांच्यासाठी. कुळागरवालीसाठी नाही.

तरी मी जाते. फेब्रुवारीपासून महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी मोडीवाले आम्ही पाच-सहा जण स्वतःच जमतो, ग्रंथालयाने कोपऱ्यातली एक खोली दिलीय. भटजींची देवळाची वही वाचायला घेतलीय, अकरा पानं झाली. सतराव्या पानावर म्हणे आमच्या वाड्याचं नाव आहे. भाऊजींनी परवा फोन करून विचारलं, तिथपर्यंत कधी पोचणार. माळ्यावर आणखी एक ट्रंक आहे, हेही त्यांनी आता सांगितलं.

कोणी जाणार असाल तर: जुने ग्रंथ असतात त्या खोलीत पेन नेऊ देत नाहीत, पेन्सिल न्या. एसी फार असतो, शाल घ्या. फॉर्मच्या नादी लागू नका, फोन करा आणि वहीत नाव लिहायला सांगा.