जावा 17 चा मॉक टेस्ट पॅक: घ्या, पण स्पष्टीकरणांसाठी घ्या

ओरॅकलच्या जावा 17 (जावा या प्रोग्रामिंग भाषेची 17 वी आवृत्ती) सर्टिफिकेशनसाठी हा सराव परीक्षांचा पॅक घेतला होता, परीक्षा झाली, पास पण झालो, म्हणून आता निवांत लिहितोय. ऑफिसात जो तो विचारतो घेऊ का नको. घ्या, पण मार्क बघायला घेऊ नका.

आधी परीक्षेचं सांगतो. 50 प्रश्न, 90 मिनिटं, पासिंग 68 टक्के. म्हणजे एका प्रश्नाला धड दोन मिनिटं पण नाहीत आणि त्यात कधीकधी वीस-पंचवीस ओळींचा कोड समोर येतो. आपल्याला रोज एडिटर लाल रेघ मारून चूक दाखवतो ना, इथे ती रेघ आपणच मारायची. त्यामुळे पाच-सात वर्षं जावावर काम केलेली माणसं पण गडबडतात.

पॅकमधे भारी काय आहे तर स्पष्टीकरणं. नुसतं "बरोबर उत्तर क" असं सांगून मोकळे होत नाहीत, अ, ब, ड का चूक आणि ते कुणाला बरोबर वाटतील हे पण लिहिलंय. उदाहरण सांगतो, दोन इंटिजर व्हेरिएबल (साधा इंट नाही, ऑब्जेक्टवाला Integer), दोन्हीत 127, == लावलं तर ट्रू, आणि पुढच्याच ओळीत तेच 128 घेऊन केलं तर फॉल्स. हे नुसतं पाठ करून काही होत नाही. खाली नीट सांगितलंय की -128 ते 127 च्या आकड्यांचे ऑब्जेक्ट जावा आधीच करून ठेवते आणि तेच परत परत देते, त्याच्या पुढे गेलात की साधारणपणे नवीन ऑब्जेक्ट, आणि == तर ऑब्जेक्ट एकच आहे का एवढंच बघतं. एकदा कळलं की असले दहा प्रश्न सुटतात.

लिस्टमधे 1, 2, 3 आहेत आणि रिमूव्हला 1 दिला तर काय जातं? 2 जातो, कारण इंट दिला की तो इंडेक्स, म्हणजे शून्यापासून मोजलेला जागेचा नंबर, धरतो. बाइटमधे बी = बी + 1 कंपाइल होत नाही पण बी += 1 बिनधास्त होतं, तिथे कास्ट, म्हणजे परत बाइटमधे बदल, आपोआप होतो. स्ट्रीमवर पीक (मधेच डेटा डोकावून बघायची मेथड) लावून आत प्रिंट केलंय पण शेवटी टर्मिनल ऑपरेशन, म्हणजे स्ट्रीम खरंच चालवणारी शेवटची मेथड, नाही, मग काहीच प्रिंट होत नाही, आणि पर्यायात मात्र छान चार ओळींचं आउटपुट दिलेलं असतं, फसायला 😄 अशा प्रश्नांनी डोकं फिरतं पण मजा येते राव.

एक सवय या पॅकने लावली ती खरंच कामाला आली. कोड वाचायच्या आधी पर्याय बघायचे. त्यात "कंपाइल होत नाही" असेल तर आउटपुट काढत बसायचं नाही, आधी टाइप, फायनल, न पकडलेलं एक्सेप्शन, सील्ड क्लासचा (ज्याचे पोटक्लास ठरलेलेच असतात असा क्लास) पोटक्लास फायनल, सील्ड नाहीतर नॉन-सील्ड आहे का, एवढं तपासायचं. निम्मा वेळ तिथेच वाचतो.

आता तक्रारी. निगेटिव्ह मार्किंग आधीपासूनच चालू असतं, ते सेटिंगमधे जाऊन बंद करा, खऱ्या परीक्षेत ते नाहीये, तिथे शेवटी एकही प्रश्न रिकामा सोडायचा नसतो आणि इथे नेमकी उलटी सवय लागते. स्विचमधल्या पॅटर्न मॅचिंगवर प्रश्न टाकलेत, ते जावा 17 मधे प्रिव्ह्यू, म्हणजे फक्त चाचणीपुरतं, होतं, पक्कं झालं जावा 21 मधे, मग इथे कशाला? आणि मोबाईलवर तर अजिबात सोडवू नका. टेक्स्ट ब्लॉकच्या (अनेक ओळींच्या स्ट्रिंगच्या) प्रश्नात डावीकडची मोकळी जागा किती हेच तर उत्तर असतं, आणि ॲपमधे ओळी तुटून खाली येतात, मग मोजणार काय कपाळ! लॅपटॉपवरच बसा.

सगळ्यात राग आला तो बायनरी सर्चच्या (क्रमाने लावलेल्या ॲरेत आकडा शोधायच्या पद्धतीच्या) प्रश्नावर. सॉर्ट न केलेला ॲरे देऊन उत्तर ठोकून -1 दिलंय. अहो, सॉर्ट नसेल तर रिझल्टची काही गॅरंटीच नाही, जावाच्या डॉक्युमेंटेशनमधे स्पष्ट लिहिलंय. असला प्रश्न फ्रेशरने पाठ केला म्हणजे झालंच.

फ्रेशर लोकांनो, बेसिक कच्चं असेल तर आत्ताच घेऊ नका, आधी एखादं पुस्तक नीट करा आणि कोड हाताने लिहून बघा. आणि टेलिग्रामवर फुकट फिरणाऱ्या डंपच्या (खऱ्या परीक्षेतले म्हणून फिरवलेल्या प्रश्नोत्तरांच्या) नादी तर लागूच नका, नियमात बसत नाही ते सोडाच, त्यातली निम्मी उत्तरं बघूनच हसू येतं.

चार स्टार. एक त्या बायनरी सर्चचा कापलाय, सपोर्टला मेल टाकलाय, दुरुस्त केलं तर पाचवा देईन.