देव आणि सुपरहिरो जोड्यांचे पत्ते : दोन महिने खेळल्यावरचं मत

६० पत्ते, ३० जोड्या. एका पत्त्यावर कुठल्यातरी पुराणातला देव नाहीतर वीर, दुसऱ्यावर सुपरहिरो. जोडी लावायची आणि का लावली ते सांगायचं, समोरच्याला पटलं नाही तर पत्ते परत. सगळी मजा या 'का' मध्येच आहे, दोन महिने झाले तरी माझा दहा वर्षांचा भाचा अजून रोज पत्ते काढून बसतो.

सोप्या जोड्या पहिल्या दिवशीच लागतात. जुन्या फ्लॅशच्या टोपाला पंख आहेत, ग्रीकांच्या हर्मिसच्या टोपालाही आहेत, संपलं. सुपरमॅनसोबत मोझेस दिलाय तेही बरोबरच, कारण १९३८ साली सुपरमॅन आणणारे सीगल आणि शुस्टर दोघंही ज्यू घरातले आणि जीव वाचावा म्हणून टोपलीत घालून नदीत सोडलेलं बाळ ही त्यांच्याकडची अगदी जुनी गोष्ट. पण भाच्याने पत्ता हातात घेतला आणि म्हणाला, "मावशी, हा तर कर्ण!"

आणि खरंच की! कुंतीने पेटीत घालून सोडलं, अधिरथ आणि राधेने वाढवलं, इकडे रॉकेटमधून आलेलं पोर शेतकरी केंट नवराबायकोने वाढवलं. कर्ण सूर्याचा मुलगा, आणि सुपरमॅनची ताकदसुद्धा पिवळ्या सूर्यामुळेच असं पुढच्या कॉमिक्समध्ये ठरलं. पण मला सगळ्यात जास्त भिडलं ते वेगळंच. क्रिप्टोनाइट म्हणजे सुपरमॅनच्या जन्मग्रहाचाच तुकडा, जिथून आला तिथलंच त्याला मारतं. कर्णाचंही तेच ना, युद्धाच्या तोंडावर जन्मदातीच समोर येऊन उभी राहते आणि अर्जुन सोडून बाकी चौघांना मारणार नाही असं वचन घेऊन जाते. फरक इतकाच की क्रिप्टोनाइट दुसरा कुणीतरी घेऊन येतो, कर्णाने मात्र समोर इंद्र आहे हे माहीत असूनही कवचकुंडलं स्वतःच्या हाताने कापून दिली. हे सांगताना भाचा एकदम गप्प झाला, मग म्हणाला "का पण?" त्या दिवशी पुढचा डाव झालाच नाही.

म्हणून माझी खरी तक्रार. सेटवाल्यांनी बऱ्याच जोड्या नुसत्या ताकदीवरून लावल्यात आणि तिथेच चुकलेत. हनुमानासमोर हल्क, का तर दोघं दणकट! अहो, हनुमानाची गोष्ट तिथे नाहीच आहे. लहानपणी ऋषींना छळलं म्हणून शाप मिळाला, कुणी आठवण करून देईपर्यंत स्वतःचं बळ विसरशील, मग समुद्राकाठी जांबवंत बोलला तेव्हा ते बळ जागं झालं. याची जोडी शझॅमशीच लागते. १९४० च्या त्या कॉमिकमधला बिली बॅटसन साधा पोरगा, पण 'शझॅम' हा एक शब्द उच्चारला की सॉलोमनचं शहाणपण, हर्क्युलिसचं बळ, मर्क्युरीचा वेग असं सगळं अंगात येतं. दोघांकडे ताकद आहेच, अडलंय फक्त शब्दावाचून. बिलीला तो स्वतः म्हणता येतो, हनुमानाला मात्र दुसऱ्या कुणीतरी म्हणावा लागतो, आणि मला ते जास्त सुंदर वाटतं.

कॉमिक्समधल्या थॉरला तर पुराणातला थॉरच जोडीला दिलाय, म्हणजे विचार करायचा कंटाळा केलाय सरळ. निदान फरक तरी लिहायचा! जुन्या नॉर्स कथांमधला थॉर लाल दाढीवाला, बोकडांच्या रथातून फिरणारा, आणि तिथे लोकी कॉमिक्ससारखा त्याचा भाऊ नाहीच, थॉरच्या बापाशी, ओडिनशी, रक्ताची शपथ घेतलेला आहे.

वंडर वुमनला ग्रीक देवी अथीना दिलीय, चालेल. पण जुन्या कॉमिक्समध्ये तिच्या आईने तिला मातीतून घडवलंय, मग अंगाच्या मळातून गणपती घडवणारी पार्वती कशी नाही आठवली?

चित्रं मात्र अप्रतिम. चिनी गोष्टीतल्या वानरवीर सुन वुकाँगच्या डोक्यावरची सोन्याची पट्टी इतकी बारीक काढलीय की गुरूने मंत्र म्हटला की ती आवळते हे न सांगता कळतं. पुठ्ठा मध्यम आहे, कडा आत्ताच पांढऱ्या पडायला लागल्यात. आणि प्रत्येकाचं वर्मस्थान पत्त्याच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात छापलंय, खरं तर ते सगळ्यात मोठं हवं होतं, अकिलिसची टाच काय नि दुर्योधनाची मांडी काय, जोड्या तिथेच तर जुळतात.

पाचापैकी चार स्टार. मुलांसाठी घ्याच, पण सोबत गोष्टी माहीत असलेलं मोठं माणूस बसवा. डब्यात दोन कोरे पत्ते येतात, आमच्याकडे त्यातल्या एकावर आता स्केचपेनने काढलेला कर्ण आहे, कवच काढून दिलेला.