कंपासपेटी घेताना आधी कंपास तपासा

पट्टी, कोनमापक, दोन गुण्या, कंपास, कर्कटक, खोडरबर आणि टोकयंत्र. भूमितीची सुरुवात करायला साधी कंपासपेटी पुरते, आणि ती घ्यावीच. मात्र पेटी कामाची आहे का, हे कंपासच्या माथ्यावरचा एक स्क्रू ठरवतो. इतर वस्तूंमधली उणीव सांभाळून घेता येते, सैल कंपासची नाही.

तपासणी सोपी आहे. कंपासमध्ये आखूड पेन्सिल बसवा. लांब पेन्सिल फिरवताना हाताला अडते. सुईचं टोक शिसापेक्षा साधारण १ मिमी पुढे ठेवा, कारण सुई कागदात थोडी रुतते. आता ५ सेमी अंतर घेऊन वर्तुळ काढा. पाय न धरता माथ्याची मूठ चिमटीत फिरवा. मग तेच अंतर कायम ठेवून परिघावरच्या एका बिंदूपासून पुढे पुढे खुणा करत जा. सहावी खूण नेमकी सुरुवातीच्या बिंदूवर पडायला हवी. वर्तुळाचा केंद्रबिंदू आणि लगतच्या दोन खुणा जोडल्या की तिन्ही बाजू त्रिज्येएवढ्या होतात. म्हणजे तो समभुज त्रिकोण, केंद्रापाशी ६०° चा कोन, आणि असे सहा मिळून ३६०°. वर्तुळ काढून झाल्यावर कंपास फक्त १ मिमी फाकला, तरी सहावी खूण सुमारे ७ मिमी पुढे जाते. स्क्रू घट्ट करूनही असंच होत असेल तर तो कंपास घेऊ नका.

याच वर्तुळावर त्रिज्या आणि व्यासाचा घोळही मिटतो. कंपासमध्ये घेतलेलं अंतर ही त्रिज्या. व्यास तिच्या दुप्पट, इथे १० सेमी. ६ सेमी व्यासाचं वर्तुळ काढायला सांगितलं की पुष्कळ मुलं कंपास ६ सेमी उघडतात. उघडायचा असतो ३ सेमी.

कोनमापक पारदर्शकच हवा, खालची रेघ दिसली पाहिजे. इथे दोन चुका हमखास होतात. पहिली, कोनमापकाची खालची कडा भुजेवर टेकवणं. बहुतेक कोनमापकांवर शून्याची रेषा कडेपासून थोडी वर असते. भुजा त्या रेषेवर आणि शिरोबिंदू मधल्या खुणेवर यायला हवा. दुसरी चूक आकड्यांच्या दोन ओळींची. ज्या ओळीचा ० भुजेवर आहे, तीच ओळ वाचायची. नाहीतर ५०° चा कोन १३०° होतो. मोजण्याआधी नुसतं बघा: कोन काटकोनापेक्षा लहान दिसत असेल तर उत्तर ९०° च्या आतच यायला हवं. आणि १° ची चूक क्षुल्लक समजू नका. १० सेमी लांब भुजेच्या टोकाशी ती जवळपास पावणेदोन मिमी होते.

गुण्या बहुतेकांच्या पेटीत नव्याच्या नव्या राहतात, याचं फार वाईट वाटतं. एकीचे कोन ४५°, ४५°, ९०°, दुसरीचे ३०°, ६०°, ९०°. दोन्ही शेजारी ठेवल्या की ४५ + ३० = ७५° चा कोन कोनमापकाशिवाय मिळतो; एकावर एक ठेवल्या की ४५ – ३० = १५°. पट्टी घट्ट दाबून तिच्या कडेने गुण्या सरकवत रेघा मारल्या की त्या समांतर येतात, कारण प्रत्येक रेघ पट्टीशी तोच कोन करते. काटकोन खरा आहे का, हे पाहायला एका रेषेवर गुण्याने लंब काढा, गुण्या पालथी करून त्याच बिंदूतून पुन्हा काढा. दोन रेघा फाकल्या तर गुण्याची चूक त्या फटीच्या कोनाच्या निम्मी.

कर्कटकाला दोन्हीकडे सुया असतात. आकृतीतलं अंतर उचलून पट्टीवर ठेवायला तो उत्तम. पट्टीचं शून्य कडेपासून थोडं आत असेल तर माप शून्याच्या खुणेपासून घ्या. कोपरा झिजला असेल तर १ पासून मोजा आणि उत्तरातून १ वजा करा.