हिवाळ्यात फिरायला कुठे जावं: जवळचं रान की बाग?

उन्हाळ्यात हा प्रश्न फारसा पडत नाही. सावली हवी असते, ती रानात जास्त मिळते, विषय संपला. हिवाळ्यात गणित उलटतं. अंगावर ऊन हवं असतं, वारा नको असतो, आणि या दोन गोष्टी सहसा एका जागी मिळत नाहीत. बागेत ऊन मिळतं, रानात आडोसा मिळतो. त्या दिवशी तुम्हाला यातलं काय जास्त हवंय, यावर बराचसा निर्णय ठरतो. बाकी सोयी-गैरसोयी आहेतच, पण त्या नंतरच्या.

रान म्हणजे इथे अभयारण्य नव्हे. वस्तीच्या कडेची दाट झाडी, टेकडीवरची वनराई, जिथे पायवाट आहे पण दिवे नाहीत. आणि बाग म्हणजे कुंपण, फाटक, बाकं आणि फरसबंदी असलेली.

आधी घड्याळ बघा

निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन आपली उष्णता वर आकाशाकडे सोडत राहते. बागेतल्या मोकळ्या हिरवळीवर ती अडवायला काहीच नसतं. झाडाखाली मात्र फांद्या आणि पानं त्यातली काही उष्णता परत खाली पाठवतात. भल्या सकाळी बागेत गेलात तर हे डोळ्यांनी दिसतं: मोकळ्या गवतावर दव चकाकत असतं, आणि जिथे एखाद्या पसरलेल्या झाडाचा घेर सुरू होतो तिथपासून गवत बरंचसं कोरडं. जास्त थंडीच्या प्रदेशात दवाऐवजी हिम असतं, पण रेघ तीच. सूर्य उगवायच्या सुमाराला, निदान जमिनीलगत, झाडी उघड्या मैदानापेक्षा कमी गार असते.

ऊन वर आलं की पारडं फिरतं. हिरवळ लवकर तापते, बाकं कोरडी होतात. सदाहरित झाडांचं दाट रान मात्र दुपारपर्यंत गारच राहतं. पानगळीचं रान असेल तर गोष्ट वेगळी. पानं गळून गेलेली असल्याने ऊन थेट जमिनीपर्यंत पोचतं, आणि मग आडोसा आणि ऊन दोन्ही एकत्र मिळतात. तुमच्या जवळ असं रान असेल तर हा लेख इथेच सोडून निघालात तरी चालेल.

‘सूर्य उगवताना थंडी कमी व्हायला लागते’ हा समजही सोडा. दिवसातलं सर्वात कमी तापमान सहसा सूर्योदयाच्या आसपास किंवा त्यानंतर थोड्या वेळाने नोंदलं जातं, कारण कोवळ्या उन्हातून मिळणारी उष्णता सुरुवातीला जमीन सोडत असलेल्या उष्णतेपेक्षा कमीच असते. शिवाय अशा सकाळी गार, जड हवा खाली बसलेली असते आणि तिच्यावर उबदार हवेचं झाकण असतं. धूर वर जाऊच शकत नाही. रहदारीच्या रस्त्याला लागून असलेल्या बागेत पहाटे लांब श्वास घेत चालणाऱ्यांचं मला म्हणूनच नवल वाटतं. छातीत भरते ती बहुधा रस्त्यावरचीच हवा. ऊन चढून जमीन तापली की हवा ढवळली जाते. दमा असलेल्यांनी अशा बागेत ऊन चांगलं वर आल्यावरच जावं. भल्या सकाळीच निघायचं असेल तर रस्त्यापासून लांबची, जराशी उंचावरची झाडी बरी. दरीतली नको, कारण गार हवा पाण्यासारखी उतारावरून वाहत जाऊन तिथेच साचते.

वारा

तापमानाचा आकडा बघून निघणारे इथे फसतात. पारा ५ अंशांवर असताना ताशी ३० किलोमीटरचा वारा सुटला, तर उघड्या त्वचेला शून्य अंशाइतकं गार वाटतं. बागेत, विशेषतः तळ्याकाठी, तो वारा सरळ अंगावर येतो. रानात शिरल्यावर काही पावलांतच तो पडल्यासारखा वाटतो. शेंडे हलत असतात, पण खाली मफलर सैल करावासा वाटतो. त्यामुळे बोचऱ्या वाऱ्याच्या दिवशी रान, हा माझा सरळ कौल.

त्यालाही मर्यादा आहे. वादळी वाऱ्यात, किंवा फांद्यांवर बर्फ साचलेला असताना रानात जाऊच नये. वाळलेल्या फांद्या अशाच वेळी खाली येतात. तेव्हा बागच बरी, आणि तिथेही मोठ्या झाडांपासून दूर. साध्या वाऱ्यात मात्र बागेतही आडोसा शोधता येतो. झाडांच्या दाट रांगेमागे, झाडांच्या उंचीच्या साधारण दहापट अंतरापर्यंत वाऱ्याचा जोर कमी असतो. म्हणजे दहा मीटर उंच झाडांच्या मागे शंभरेक मीटर. त्या पट्ट्यातलं उन्हातलं बाक पकडा.

अंधाराचा हिशोब

बागेत अंधार पडला तर दिवे लागतात. काळजी एवढीच की बऱ्याच बागांचं फाटक हिवाळ्यात लवकर बंद होतं, तेव्हा जाताना वेळेची पाटी वाचावी. रानात हाच मुद्दा सर्वात वरचा.

उत्तर गोलार्धात सर्वात लहान दिवस २१ किंवा २२ डिसेंबरचा, हे सगळ्यांना पाठ असतं. पण सूर्यास्त सर्वात लवकर होतो तो त्याच्या आधी, आणि सूर्योदय सर्वात उशिरा होतो तो त्याच्यानंतर, बऱ्याच ठिकाणी जानेवारीत. नेमका किती आधी आणि किती उशिरा, ते तुम्ही कोणत्या अक्षांशावर राहता त्यावर अवलंबून. व्यवहारात अर्थ असा की डिसेंबरच्या सुरुवातीला संध्याकाळी रानात जाणं धोक्याचं, तर जानेवारीत पहाटे निघण्यात मजा नाही.

किती वेळ लागेल हे काढायला विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाचा १८९२ चा ठोकताळा अजून वापरला जातो: दर ५ किलोमीटरला एक तास, आणि चढ असेल तर दर ६०० मीटर उंचीला आणखी एक तास. पाचोळ्याने भरलेल्या वाटेवर मला हा हिशोब फार आशावादी वाटतो. ओला पाचोळा घसरतो, आणि त्याच्याखाली मुळं आणि खड्डे झाकलेले असतात. म्हणून रानात गेल्यावर सूर्यास्तापर्यंतच्या वेळातला एक तृतीयांश गेला की मागे वळायचं, समोर काहीही दिसो. झाडांखाली अंधार बाहेरच्यापेक्षा आधीच होतो. मोबाइलच्या टॉर्चवर विसंबू नका. थंडीत बॅटरी लवकर मान टाकते. फोन आतल्या खिशात, अंगाच्या उबेला, आणि टॉर्च वेगळी.

कपडे

बाग कपड्यांच्या चुका माफ करते. एक जाड जॅकेट घालून गेलात, गार वाटलं, फाटक जवळच आहे. रानात चढावर घाम येतो आणि थांबलं की तोच घाम अंग गार करतो. सुती बनियन घामाने भिजला की वाळायला फार वेळ घेतो. लोकरीचा किंवा लवकर वाळणारा कृत्रिम धाग्याचा आतला थर, वर उबेचा, त्यावर वारा अडवणारा, असे तीन थर हवेत, म्हणजे चढताना एक काढता येतो. शरीराचं तापमान ३५ अंशांच्या खाली जाणं ही वैद्यकीय दृष्ट्या गंभीर स्थिती, आणि त्यासाठी बाहेर शून्याखाली तापमान असायला लागत नाही. ओले कपडे, वारा आणि मुरगळलेला पाय एवढं पुरतं. म्हणून एकट्याने जायचं असेल तर मी बागेच्या बाजूने.

बघायला काय मिळतं

रानात जास्त दिसेल असं वाटतं. पहिल्यांदा जाणाऱ्याला अर्धा तास काहीच दिसत नाही आणि तो हिरमुसतो. हिवाळ्यात छोटे पक्षी वेगवेगळ्या जातींचा मिळून थवा करून फिरतात, त्यामुळे बराच वेळ सामसूम आणि मग अचानक एकच झाड किलबिलाटाने भरून जातं. तो थवा येईपर्यंत एका जागी उभं राहायची तयारी हवी.

बागेतल्या तळ्यावर एवढा संयम लागत नाही. बदकं माणसांना सरावलेली असतात. थापट्या बदक दिसलं तर थांबा: चमच्यासारखी रुंद चोच पाण्यात घालून ती एकामागून एक गोल गोल फिरत राहतात. पुढच्याच्या पायांनी ढवळलेलं पाणी मागचं बदक चोचीच्या कडांच्या चाळणीतून गाळतं. त्यांना पाव टाकू नका. पोट भरतं, पोषण होत नाही, आणि पाणी नासतं. तळं गोठलं असेल तर त्यावर पाऊल नको. माणसाच्या वजनाला निदान १० सेंटिमीटर जाडीचा टणक बर्फ लागतो, आणि तो तेवढा आहे की नाही हे काठावरून कळत नाही.

दोन्हीकडे जाणाऱ्यांसाठी एक छोटा खेळ. एकाच जातीचं झाड रस्त्यालगतच्या बागेत आणि आतल्या रानात शोधा आणि सालीवरची दगडफुलं बघा. बुरशी आणि शैवाल एकत्र राहून बनलेला हा जीव हवेतल्या सल्फर डायऑक्साइडला नाजूक असतो. सालीला चिकटलेले पापुद्रे त्यातल्या त्यात तग धरतात. लोंबत्या, केसाळ जाती स्वच्छ हवेतच वाढतात.

कोणाला काय

तान्ही मुलं, बाबागाडी, चाकाची खुर्ची, गुडघेदुखी: बाग. स्वच्छतागृह हे कारण एकटंच पुरेसं आहे. फक्त सावलीतल्या फरशीवर जपून. शेवाळ किंवा हिम तिथे सर्वात उशिरापर्यंत टिकतं. सहा-सात वर्षांपुढची मुलं मात्र बागेत दोन चकरांत कंटाळतात, आणि रानात एक काठी हाती आली की न कुरकुरता लांब चालतात. कुत्रा बरोबर असेल तर रानातही पट्टा सोडू नका. या दिवसांत वन्य प्राण्यांना खाणं कमी मिळतं, आणि घाबरून पळण्यात त्यांची जी शक्ती जाते ती भरून निघणं अवघड असतं.

आठवड्याचा विचार केला तर माझं मत बागेकडे झुकतं. इंग्लंडमधल्या सुमारे वीस हजार लोकांची माहिती तपासून २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, आठवड्याला निदान १२० मिनिटं निसर्गात घालवणाऱ्यांनी आपली तब्येत आणि मनःस्थिती चांगली असल्याचं जास्त प्रमाणात सांगितलं होतं. ती मिनिटं एका दमात की तुकड्यातुकड्यांत, याने फरक पडला नाही. कारण आणि परिणाम यातून सिद्ध होत नाही, हे खरं. तरी दहा मिनिटांवरच्या बागेत १२० मिनिटं सहज भरतात, आणि रानाचा बेत मात्र दर वेळी पुढच्या रविवारवर जातो.

अर्धा दिवस हाताशी असेल आणि दोन्ही जागा जवळजवळ असतील, तर आधी रान, मग बाग. चालून अंग तापलेलं असताना दुपारच्या उन्हात बाकावर बसता येतं. उलट क्रमाने गेलात तर उन्हात सैलावलेलं अंग सावलीत शिरताना दुप्पट कुरकुर करतं.