पॉवर स्टिअरिंग पंपाचं सुटं सील किट: कुणी घ्यावं, कुणी घेऊ नये

जुन्या बोलेरो, सुमो, क्वालिस, तवेरा विदर्भातल्या गावांमध्ये अजून रोजच्या राबत्या गाड्या आहेत. त्यांतल्या पॉवर स्टिअरिंगवाल्या गाड्यांना बेल्टवर चालणारा हायड्रॉलिक पंप असतो. तो गळायला लागला की स्पेअर पार्टच्या दुकानात तीन पर्याय समोर येतात: गळती थांबवणारी बाटली, पंपाचं सील किट (तेल अडवणाऱ्या रबरी रिंगांचा संच) आणि अख्खा पंप. गळती पंपाच्या शाफ्टपाशी (ज्यावर पुली बसते तो दांडा) असेल आणि शाफ्टला चर पडलेला नसेल, तर किटच घ्यावं. त्याची किंमत नव्या पंपाच्या पासंगालाही पुरत नाही. काम नीट केलं तर पंप पुन्हा वर्षानुवर्षं चालतो.

मात्र किट आणायच्या आधी गळतीची जागा पक्की करा. पांदण रस्त्याची धूळ आणि पावसाळ्यातला काळ्या मातीचा चिखल तेलात मिसळून सगळ्या बाजूनं असा थर धरतो की पंप, होज (तेलाचे पाइप), स्टिअरिंग बॉक्स सारंच ओलं दिसतं. थंड इंजिनावर डिझेल आणि जुन्या ब्रशनं तो भाग धुवा. बेल्ट आणि अल्टरनेटरवर आधी प्लास्टिकची पिशवी बांधा, डिझेल लागलेला बेल्ट घसरतो. भाग पुसून कोरडा झाला की खाली पुठ्ठा टाका, इंजिन चालू करून दुसऱ्याला स्टिअरिंग दोन्हीकडे फिरवायला सांगा आणि टॉर्चच्या उजेडात बघा.

आधी रिटर्न होज तपासा. टाकीकडे परत येणारा हा पाइप कमी दाबाचा असतो. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांपार जातो, बॉनेटखाली तर त्याहून बरंच तापतं. त्यात हे रबर कडक होतं आणि क्लिपखाली चिरतं. असं असेल तर किट लागतच नाही. चिरलेलं टोक कापून पाइप पुन्हा बसवा किंवा नवा टाका, मात्र तो तेल सोसणाराच हवा. रेडिएटरचा पाण्याचा होज इथे तेलानं फुगतो आणि काही दिवसांत क्लिपमधून निसटतो. तेल होजच्या लोखंडी जोडापाशी, म्हणजे क्रिंपमधून येत असेल तर तो दाबाचा पाइप आहे. स्टिअरिंग टोकापर्यंत वळवलं की त्यात साधारण ७० ते १०० बार दाब असतो. त्यावर क्लिप, एम-सील, ट्यूबची पट्टी काहीही टिकत नाही आणि तापलेलं तेल गरम सायलेन्सरवर उडालं तर आग लागू शकते. तालुक्याला ट्रॅक्टर-जेसीबीचे हायड्रॉलिक होज बांधून देणारी दुकानं असतात. जुना पाइप नमुना म्हणून नेऊन तेवढ्याच आतल्या व्यासाचा, तारेच्या जाळीचा होज तिथे बांधून घेता येतो.

पुलीच्या मागे तेल, बेल्टच्या आतल्या बाजूला शिंतोडे आणि गाडी सुरू करताना बेल्टची किंचाळी, ही शाफ्ट सीलची खूण. कधी बाहेर थेंबही दिसत नाही, पण टाकीत फेस येतो आणि वळताना पंप घुरघुरतो. तेव्हा थकलेलं सील किंवा टाकीकडून येणारा पाइप हवा ओढत असतो.

किटमध्ये सहसा एक ऑइल सील, वेगवेगळ्या मापांच्या चार-सहा ओ-रिंग आणि एखादी सर्क्लिप (खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी) मिळते. बॅन्जो बोल्टच्या (होज पंपाला जोडणारा पोकळ बोल्ट) तांब्याच्या वॉशर बहुतेक किटमध्ये नसतात, त्या दोन वेगळ्या मागून घ्या. जुन्या वॉशर एकदा चेपल्या की पुन्हा बसत नाहीत आणि सील बदलूनही तिथून पाझर राहतो. गाडीचं मॉडेल सांगून किट मागण्यापेक्षा पंप काढून जुनं सील सोबत नेणं केव्हाही बरं, कारण एकाच गाडीत वर्षानुसार पंप बदललेले असतात. सीलवर तीन आकडे असतात: शाफ्टचा व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी, मिलिमीटरमध्ये. तिन्ही जुळले पाहिजेत.

सुट्या किटचा माल एकसारखा नसतो, म्हणून काउंटरवरच पाकीट उघडा. ओ-रिंग दोन बोटांत दुमडून उजेडाकडे धरा. वाकलेल्या कडेवर केसासारख्या भेगा दिसल्या किंवा साच्याची रेघ नखाला टोचली तर किट परत करा. दुकानाच्या दारात उन्हात टांगलेल्या पाकिटातलं रबर बहुधा असंच निघतं. सीलच्या ओठामागची (शाफ्टला घासणारी कड) बारीक स्प्रिंग सैल नसावी. साधं नायट्राइल रबर साधारण १०० अंशांपर्यंत सतत टिकतं, व्हायटॉन २०० अंशांच्या आसपास. जिनिंगच्या आवारात कापसाची भरलेली गाडी जागच्या जागी वळवणाऱ्यांनी शाफ्टचं सील व्हायटॉनचं मिळालं तर तेच घ्यावं. तपकिरी रंग म्हणजे व्हायटॉन असं धरून चालू नका. एक ओ-रिंग जास्त असेल तर ती रात्रभर कोमट स्टिअरिंग ऑइलमध्ये टाकून ठेवा. सकाळी ती जरा फुगली तर ठीक, ढिली होऊन मोठी झाली तर ते किट वापरू नका.

बसवताना पंप उघडण्याआधी बाहेरून पूर्ण स्वच्छ करा, आत गेलेला वाळूचा एक कण व्हेनला, म्हणजे पंपातल्या छोट्या पात्यांना, ओरखडे पाडतो. दाबाच्या पाइपचं युनियन (जोड) खोलताना त्यामागचा व्हॉल्व्ह आणि स्प्रिंग उडून पडतात, हात आडवा धरा. मागचं झाकण काढलं की रोटरची (व्हेन ज्याच्या खाचांत बसतात तो फिरणारा भाग) वरची बाजू कोणती ते खूण करून ठेवा. व्हेनची गोल कड बाहेर, रोटरभोवतीच्या रिंगकडे असते. उलट्या बसल्या तर पंप दाब देत नाही आणि दोष मग नव्या सीलवर ढकलला जातो. पुली काही पंपांवर नटनं असते, काहींवर दाबून बसवलेली. दाबून बसवलेल्या पुलीला पुलरच लागतो, हातोडा मारला की पुली वाकते किंवा शाफ्ट जातो.

जुनं सील उकरताना स्क्रूड्रायव्हर सील बसतं त्या खोबणीला लागू देऊ नका. मग शाफ्टवर, सीलचा ओठ जिथे घासतो तिथे नख फिरवा. नख अडकलं तर किटचा उपयोग नाही, दुसरा पंप बघा. चरावर नवं सीलही गळणारच. शाफ्ट गुळगुळीत असेल तर नव्या सीलच्या ओठाला स्टिअरिंग ऑइल लावा, स्प्रिंगची बाजू आत ठेवा आणि बाहेरच्या व्यासाइतक्या सॉकेटनं सगळीकडून सारखं दाबा. तिरपं बसलेलं सील पहिल्या दिवसापासून पाझरतं. शाफ्ट घालताना त्याच्या चावीच्या खाचेवर पातळ टेप गुंडाळा, नाहीतर नवा ओठ तिथेच कापला जातो.

बाटलीबद्दलही सांगायला हवं. त्यातलं रसायन कडक झालेलं रबर मऊ करून जरासं फुगवतं. ठिबक अगदी कमी असेल आणि हंगाम काढायचा असेल तर काही महिने निभतात. फाटलेला होज, क्रिंप किंवा चरलेला शाफ्ट बाटलीनं बरा होत नाही. दुसरी बाटली टाकली तर चांगली सीलंही नरम पडतात. याहून वाईट म्हणजे तेल कमी पडलं म्हणून ब्रेक ऑइल ओतणं. त्यानं स्टिअरिंगची सीलं फुगून खराब होतात आणि पंपापासून रॅकपर्यंत (चाकं वळवणारा दात्यांचा दांडा) सगळं खोलावं लागतं. टाकीच्या झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये लिहिलेलंच तेल घाला. अनेक जुन्या गाड्यांत ते लाल डेक्सरॉन एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) असतं.

रॅकच्या रबरी बुटात (टोकावरच्या घड्यांच्या आवरणात) तेल साठलेलं निघालं तर तो पंपाचा विषय नाही. रॅकच्या टोकाचं सील पूर्ण दाब सोसतं, तिथे मापानं जुळणारं साधं सील चालत नाही. ते काम अंगणात करू नका, रॅकचा अनुभव असलेल्या मेकॅनिककडे द्या.

पंप बसल्यावर पुढची चाकं जॅकनं उचलून लोखंडी स्टँडवर ठेवा, नुसत्या जॅकवर किंवा विटांवर नको. टाकी भरा आणि इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत पंधरा-वीस वेळा सावकाश फिरवा, मध्ये मध्ये तेल घालत जा. मग इंजिन चालू करून पुन्हा फिरवा, पण टोकाला पाच सेकंदांपेक्षा जास्त अडवून ठेवू नका. टाकीत फेस दिसला तर इंजिन बंद करून तासभर थांबा. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनंतर पातळी आणि बेल्टचा ताण बघा, आणि पुलीमागे कोरडं फडकं फिरवा. फडक्याला लाल डाग लागला तर सील तिरपं बसलंय, ते लगेच पुन्हा काढा.