व्हीलचेअरवरून अल्पाका-फेरी: इंग्लंडमधल्या फार्मवर पैसे भरण्याआधी काय विचारावं

अल्पाका किंवा लामा (दक्षिण अमेरिकेतले, उंटाच्या कुळातले लोकरीचे प्राणी) यांचं दावं हातात देऊन तासभर फिरवून आणणारी फार्म्स इंग्लंडमध्ये आता बरीच झाली आहेत. कित्येकांच्या वेबसाइटवर व्हीलचेअरचं निळं चिन्ह असतं. भारतातून आलेल्या आई-बाबांचे गुडघे दुखत असले की मराठी घरं त्या चिन्हावर विसंबून बुकिंग करतात. पण पुष्कळ ठिकाणी ते चिन्ह पार्किंग, टॉयलेट आणि कॅफेपुरतंच असतं, फेरीची वाट त्यात धरलेली नसते. म्हणून फोन करून पहिला प्रश्न वाटेचाच विचारावा.

दाबून बसवलेला मुरूम किंवा डांबर असेल तर निश्चिंत जा. सुट्या खडीत पुढची छोटी चाकं रुततात आणि मागून ढकलणाऱ्याचा दम निघतो. गवताची वाट जूनमध्ये चालून जाते, नोव्हेंबरमध्ये तिचा चिखल होतो. चढाबद्दल ‘फार नाही’ हे उत्तर चालवून घेऊ नका. १:१२ हा आखूड रॅम्पचा उतार आहे. लांब वाटेला १:२० किंवा त्याहून सौम्य उतार हवा. फाटकाची मोकळी रुंदी किमान ९० सेंटिमीटर आहे का, आणि वाटेत एकेक माणूस वळून जाईल असं अडणीचं फाटक आहे का, हेही विचारा. तशा फाटकातून सहसा साधी खुर्चीसुद्धा जात नाही.

आता जनावर. अल्पाकाचा खांदा साधारण ९० सेंटिमीटरवर असतो आणि वजन ५५ ते ८० किलो. त्यामुळे खुर्चीत बसलेल्या माणसाच्या जवळपास तोंडासमोरच त्याचं तोंड येतं. उभ्याने चालणाऱ्याला ही जवळीक मिळत नाही, आणि आमच्या मते या भेटीचं खरं मोल तिथेच आहे. लामा वजनाने दुप्पट, बसलेल्या माणसाला अंगावर आल्यासारखा वाटू शकतो. पण तो अल्पाकापेक्षा कमी बुजतो आणि एका चालीने चालतो. नीट दिसत नसलेल्या माणसाला म्हणूनच लामा द्यावा. कुठल्याही जनावराला हात लावायचा तो मानेला किंवा खांद्याला. डोक्याला हात लावलेला त्यांना खपत नाही.

म्होरकी कशी घातली आहे यावरून फार्मची पारख होते. अल्पाकाच्या नाकाचं हाड आखूड असतं. नाकावरचा पट्टा डोळ्यांच्या जवळ, हाडावरच बसला पाहिजे. तो घसरून पुढच्या कूर्चेवर आला की श्वास कोंडतो, कारण हे प्राणी मुख्यतः नाकानेच श्वास घेतात, आणि मग गरीब जनावरही उधळतं. दावं खुर्चीच्या हाताला कधीच बांधू नये, मनगटाला गुंडाळू नये. ६० किलोच्या जनावराने हिसका दिला की खुर्ची कलंडते. चांगल्या ठिकाणी दोन दावी असतात: एक पाहुण्याच्या हातात, दुसरं चाकापलीकडून चालणाऱ्या कर्मचाऱ्याकडे. बॅटरीवरची खुर्ची असेल तर निघण्याआधी ती बंद करून पाचेक मिनिटं जनावरांना हुंगू देतात. तेवढा वेळ न देणाऱ्या ठिकाणी मोटरचा आवाज सुरू होताच कळप बिचकतो. एकटं जनावर फेरीला देत असतील तर नको म्हणा. कळपातलं जनावर सोबतीशिवाय बेचैन होतं, पाय रोवून उभं राहतं आणि बारीक आवाजात गुणगुणत राहतं.

भरवणं मात्र जवळपास सगळ्यांना जमतं. समोर वरचे दात नसतात, नुसती कडक हिरडी असते. सपाट तळव्यावर पेंडीच्या गोळ्या ठेवल्या की मधोमध चिरलेला वरचा ओठ त्या एकेक करून वेचतो, तळव्याला गुदगुल्या होतात. बोटं ताठ उघडत नसतील तर उथळ ताटली मागा. गोळ्या मूठभरच द्याव्यात. घाईने गिळल्या की घास अडकतो. घरून पाव-बिस्किटं नेऊ नका. थुंकण्याची भीती सगळ्यांना असते, पण ते बहुधा चाऱ्यावरून आपसातलं भांडण असतं. कान मागे आणि हनुवटी वर गेली की समजावं. खुर्ची दोन तोंडांच्या मध्ये लावली नाही तर बहुतेक वेळा माणूस वाचतो.

टॉयलेटबद्दल नेमकं विचारा. रुंद दाराचं टॉयलेट वेगळं आणि उचलण्याचं यंत्र व मोठ्यांसाठी बाक असलेलं ‘चेंजिंग प्लेसेस’ वेगळं. दुसरं फार्मवर क्वचितच मिळतं, तेव्हा जवळचं कुठे आहे ते आधी शोधून ठेवा. सोबत सहायक कुत्रा असेल तर आधी कळवा. अल्पाकाला कुत्रा म्हणजे शिकारी, त्यामुळे फार्मला वेगळी सोय करावी लागते.

शेवटी हात साबणाने, वाहत्या पाण्याखाली धुवा. जनावरांच्या लेंड्यांतून येणाऱ्या काही जंतूंवर जेल पुरत नाही. हाताने चाक फिरवणाऱ्यांनी आधी चाकाची कडी ओल्या फडक्याने पुसून घ्यावी आणि मग हात धुवावेत.